सतरा मिलिमीटर

१

सकाळी साडेआठला कुलूप काढायचं, ॲप्रन चढवायचा आणि आतल्या खोलीतून प्लेटचा थप्पा बाहेर आणायचा. सात वर्षं थोरलीचा हाच क्रम होता. हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, कॉरिडॉरच्या पार टोकाला दोन खोल्यांची लॅब. बाहेरच्या खोलीत टेबल, संगणक आणि मोठ्या सरांची खुर्ची. आतल्या खोलीत इन्क्युबेटर आणि त्याची अखंड घरघर. तिथे खिडकी नव्हती, त्यामुळे भर दुपारीही ट्यूब लावल्याशिवाय काही दिसायचं नाही.

काम सोपं होतं, म्हणजे ज्याला येतं त्याला. पेशंटच्या लघवीतला नाहीतर रक्तातला जंतू इन्क्युबेटरच्या उबेत प्लेटवर रात्रभर वाढू द्यायचा. प्लेटवर औषधांच्या बारक्या चकत्या ठेवलेल्या असायच्या. जंतू औषधाला घाबरला तर चकतीभोवती स्वच्छ गोल पडतो. नाही घाबरला तर निलाजऱ्यासारखा चकतीला खेटून वाढतो. तो गोल कॅलिपरने, म्हणजे धातूच्या दोन जबड्यांच्या मोजपट्टीने, मोजायचा आणि आकडा पोर्टलवर भरायचा. अशा शंभरएक लॅबचे आकडे पोर्टलवर गोळा होत आणि कुठे कुठल्या औषधाला जंतू जुमानेनासे झालेत, ते नकाशावर हिरव्या-लाल ठिपक्यांनी दिसे.

मोठे सर तिला ‘पट्टी’ म्हणायचे, मोजपट्टीवरून. सरांनी स्वतः गेल्या दहा वर्षांत कॅलिपर हातात धरला नव्हता. अकराला यायचे, “आमच्या वेळी हे सगळं वहीत असायचं,” म्हणायचे आणि न वाचता सह्या ठोकायचे.

आणि ते पोर्टल धाकटीने बनवलं होतं. बारा जणांनी मिळून बनवलं होतं खरं, पण आईच्या तोंडून ऐकलं तर एकटीने. धाकटी दूरच्या शहरात मुख्य कार्यालयात होती, वर्षातून दोनदा घरी यायची. थोरली आईजवळ राहायची. आईच्या गोळ्या, आईचे गुडघे, आईचे दाताचे डॉक्टर, सगळं तिच्याकडे. पण शेजारीण आली की आई फोनवर तो नकाशा काढून बसायची. “बघा, आमच्या धाकटीचं काम.”

एकदा न राहवून थोरली म्हणाली होती, “आई, हा ठिपका माझा.”

“कुठला गं?”

“हा. इथला.”

आईने चष्मा वर करून नीट बघितलं. “केवढासा आहे!”

शेजारीण हसली. थोरलीही हसली. पण ते ‘केवढासा’ घशात अडकलेल्या माशाच्या काट्यासारखं राहिलं. गिळताही येईना आणि काढताही येईना.

२

त्या सोमवारी तिने पोर्टल उघडलं, तर तीनशे अठ्ठ्याऐंशी नंबरच्या नमुन्यासमोर आकडे आधीच भरलेले होते.

बाजूला पिवळ्या अक्षरांत ‘कच्ची नोंद’ असं होतं. म्हणजे भरलेली, पण पक्की न केलेली. पक्की केल्याशिवाय नोंद पुढे जात नाही. आकडे भरणाऱ्याच्या रकान्यात थोरलीचंच नाव होतं. वेळ सकाळची सात पन्नास.

सात पन्नासला थोरली घरी होती. रक्तदाबाची गोळी नाश्त्याआधी की नंतर, यावरून आईशी हुज्जत घालत होती. लॅबला कुलूप होतं आणि किल्ली एकच होती, तिच्या पर्समध्ये.

असेल, तिने मनाला समजावलं. काल जाताना कुठल्यातरी जुन्या नमुन्याचे आकडे चुकून इथे पडले असतील. तिने प्लेट आणली, उजेडात धरली, मोजायला घेतली. बावीस. चौदा. एकोणीस. पंचवीस. पडद्यावर तेच आकडे, त्याच क्रमाने.

एकदा आकडा बघितला की डोळे तिकडेच ओढले जातात, हे तिला ठाऊक होतं. म्हणूनच तर मोजण्याआधी कुणाचं आधीचं माप बघायचं नसतं. दुसऱ्या दिवशी तिने पडद्यावर कोरा कागद चिकटवला, आधी मोजलं, पाठकोऱ्या कागदावर लिहिलं आणि मग वरचा कागद काढला.

पाच नमुने. पाचही आधीच भरलेले. सगळ्यांची वेळ सात पन्नासच्या आगेमागे. आणि वीस आकड्यांपैकी एकही हललेला नव्हता.

तिने धाकटीला फोन लावला.

“तू माझ्या नावाने आकडे भरतेस का?”

“मी? मला काय स्वप्न पडतं का गं, तुझ्या प्लेटवर काय उगवलंय त्याचं?”

“मग कोण भरतं?”

“थांब, बघते.” पलीकडे कळफलकाची टकटक. “ताई, तुझ्याच लॅबच्या संगणकावरून भरलंय. तुझाच पासवर्ड. सर्व्हरचं घड्याळ मागे पडलं असेल. कळवते मी.”

“इतर लॅबची घड्याळं बरी चालतात?”

“अगं, आकडे बरोबर आहेत ना? मग झालं तर! उलट तुझं कौतुक चाललंय इकडे.”

“कसलं कौतुक?”

“फेरतपासणीत या महिन्यात तुझी एकही चूक नाही. पहिल्यांदाच!”

ते ‘पहिल्यांदाच’ धाकटीने इतक्या मायेने म्हटलं, की थोरलीने फोन ठेवून दिला.

३

माणसाने अशा वेळी घाबरावं. थोरली घाबरलीसुद्धा, दोन दिवस. कॉरिडॉरमध्ये मागे वळून बघायची, कुलूप दोनदा ओढून बघायची. पण तिसऱ्या दिवशी मोठ्या सरांनी सगळ्यांसमोर तिच्या टेबलावर पोर्टलचं पत्र ठेवलं आणि म्हणाले, “पट्टी, शाब्बास. अचूकतेत आपली लॅब पहिली. माझ्या हाताखाली तयार झाली ही!”

ती ‘थँक्यू सर’ म्हणाली आणि तेव्हाच भीतीच्या जागी दुसरंच काहीतरी येऊन बसलं. ते तिच्या चांगलं ओळखीचं होतं. धाकटीचं बक्षीस बघताना, धाकटीचा फोन आला की आईचा आवाज उजळताना, ते असंच छातीच्या मधोमध येऊन बसायचं.

सात वर्षं ती या खोलीत डोळे फोडत होती. महिन्याला दोनतीन चुका व्हायच्या, माणूस आहे, होणारच. आणि ही जी कोणी होती, ती साडेआठच्या आत येऊन, एकही चूक न करता, तिचं काम तिच्यापेक्षा चांगलं करून जात होती. तेही तिच्याच नावाने! दुसरी कोणी असती तर निदान भांडता तरी आलं असतं.

घरी आईला पत्राचं आधीच कळलं होतं. धाकटीने फोन केला होता.

“धाकटी म्हणत होती, तू सुधारलीस,” आई म्हणाली.

“सुधारले म्हणजे? मी काय वाया गेले होते?”

“बघ, बघ. चांगलं बोलायला जावं तर अंगावर येतेस.”

“चांगलं तिनं सांगितलं म्हणून बोलतेस तू! माझं तोंड रोज बघतेस, कधी तुझं तू म्हणालीस?”

आईने ताट उचललं आणि स्वयंपाकघरात गेली. सगळ्या म्हाताऱ्या माणसांची ही एक युक्ती असते. वाद हरायला लागला की भांडी घासायला घ्यायची.

आईने एकदा, फक्त एकदा, आपणहून म्हणावं: माझी थोरली. एवढंच हवं होतं तिला.

४

गुरुवारी ती सातलाच लॅबमध्ये जाऊन बसली. बाहेरच्या खोलीत, दाराला आतून कडी लावून, किल्ली मुठीत धरून. आतली खोली उघडून बघितली होती. इन्क्युबेटर, प्लेटचे थप्पे, स्टूल. ट्यूब बंद केली होती.

कॉरिडॉरमध्ये सफाईवाल्या मावशींची बादली खडखडली आणि लांब गेली. भिंतीवरच्या घड्याळात सात पंचेचाळीस झाले. सात अठ्ठेचाळीस.

मग आतून आवाज आला. टक्. काचेवर धातू टेकल्याचा. थोडं थांबून, टक्. पुन्हा टक्. हा आवाज तिने सात वर्षांत लाखभर वेळा तरी ऐकला असेल, पण कायम स्वतःच्या हातातून. लांबून तो कसा ऐकू येतो, हे तिला आज कळलं. ठोके एकसारखे पडत होते. ती स्वतः मोजताना मध्येच थांबायची, मान मोडायची, कुणावर तरी चिडायची. ही थांबत नव्हती.

आतल्या दाराखालच्या फटीतून उजेड येत होता.

थोरली उठली. तिला बघायचं होतं की ही बाई बसते कशी, कॅलिपर कुठल्या हातात धरते, असं काय करते जे आपल्याला जमत नाही. तिने दार ढकललं.

ट्यूब चालू होती. खोलीत कोणी नव्हतं. टेबलावर एक प्लेट उघडी, झाकण उलटं करून डाव्या बाजूला. थोरली स्वतः ठेवायची तसंच. कॅलिपर शेजारी. प्लेट कोमट होती. त्यात काही नवल नव्हतं, ती इन्क्युबेटरमधून निघाली होती.

तिने कॅलिपर उचलला. तोही कोमट होता. हातात बराच वेळ धरलेलं लोखंड जसं होतं तसा.

दारावर थाप पडली. मावशी होत्या. “ताई, कडी काढा की. आणि मघाशी हाक मारली तर ओ दिलीत, आता दारात उभं केलंय!”

“मी कुठे ओ दिली?”

“आता घ्या! ‘झालंच हं मावशी’ म्हणालात. बरं वाटलं. एरवी तुम्ही खेकसता.”

५

सोमवारी एकूण नऊ नमुने होते. नऊच्या नऊ भरलेले. थोरलीच्या वाट्याला फक्त बटण दाबणं उरलं होतं, रांगत्या पोराला ‘तू पण मदत कर हं’ म्हणावं तसं.

तिने मुद्दाम एकेक प्लेट मोजली. एक तरी चूक सापडू दे. एक मिलिमीटर. अर्धा. चारशे बाराव्या नमुन्याच्या चौथ्या चकतीवर ती अडली. गोलाची कड जरा पुसट होती. पडद्यावर सतरा होते. तिने तीनदा मोजलं. तिन्ही वेळा सतरा.

या औषधाचा नियम लॅबमधल्या सगळ्यांना तोंडपाठ होता. अठरा किंवा वर, तर औषध चालेल. सतरा किंवा खाली, तर जंतू जुमानत नाही, देऊन उपयोग नाही.

तिने सतरा खोडले आणि अठरा लिहिले.

का लिहिले, ते तिला त्या क्षणी पक्कं माहीत होतं. पडद्यावर एक तरी आकडा आपला असावा म्हणून. त्या दुसरीने बरोबर मोजलं होतं आणि तेच सहन होत नव्हतं. एका मिलिमीटरने काय बिघडतं, असं ती पुटपुटली. खरं तर काय बिघडतं, हे त्या इमारतीत तिच्याइतकं चांगलं कोणालाच माहीत नव्हतं.

‘पक्की करा’ दाबलं. अकराला मोठे सर आले, आमच्या वेळी म्हणाले आणि सही ठोकून गेले.

मंगळवारपासून कच्च्या नोंदी बंद झाल्या. सगळे रकाने कोरे. सातला जाऊन बसलं तरी आत चिडीचूप. थोरलीला आधी जिंकल्यासारखं वाटलं. मग वाटलं, गेली कुठे?

६

गुरुवारी अकराच्या सुमारास शेजारणीचा फोन आला. आईला थंडी भरून ताप आला, तुमच्याच हॉस्पिटलमध्ये आणलंय, दुसऱ्या मजल्यावर.

थोरली धावत वर गेली. आई ग्लानीत होती. ओठ कोरडे पडले होते. खाटेला अडकवलेली फाइल तिने सवयीने उचलली. लघवीचा त्रास, आठ दिवसांपासून. शनिवारी बाह्यरुग्ण विभागात नमुना दिला. नमुना क्रमांक चारशे बारा.

शेजारीण बोलत होती. “धाकटीनेच फोनवरून सांगितलं होतं, दाखवून ये म्हणून. तुला मुद्दाम नाही कळवलं. तू चिडतेस ना.”

लॅबमध्ये नमुन्यावर नाव नसतं, फक्त नंबर असतो. आणि डॉक्टरांनी रिपोर्ट बघून चौथ्या चकतीचं औषध दिलं होतं. अठराचं.

खाली येऊन तिने पोर्टल उघडलं. घाईत पासवर्ड दोनदा चुकला. आकडा दुरुस्त करायचा, वॉर्डात फोन करायचा, औषध बदलायला सांगायचं. मग जे होईल ते होईल.

चारशे बारासमोर सतरा होते. दुरुस्ती आजची, सकाळी सात पन्नास. दुरुस्ती करणारी, ती स्वतः.

तरीही तिने वॉर्डात फोन लावला. तिथला तरुण डॉक्टर म्हणाला, “हो मॅडम, बदललं ना औषध. तुम्हीच तर मघाशी सांगून गेलात. बरं झालं वेळेत कळलं, अजून एक दिवस गेला असता तर अवघड होतं.”

“मी सांगून गेले?”

“म्हणजे... तुम्हीच होतात ना?”

थोरलीने फोन ठेवला. आई वाचणार होती. तिला हुंदका फुटला, आणि त्या हुंदक्याच्या तळाशी काय होतं ते कळून तिची तिलाच किळस आली. मी वाचवायला हवं होतं. मी.

दोन दिवस तिचे पाय वॉर्डाकडे वळले नाहीत. आईच्या डोळ्यांत बघायचं कसं? प्लेट मोजत, बाटल्या पुसत ती खालीच बसून राहिली. शनिवारी दुपारी शेवटी जिना चढली.

वॉर्डाच्या दाराला काच होती. आईच्या खाटेभोवतीचा हिरवा पडदा अर्धा ओढलेला. आई उशीला टेकून बसली होती, चेहऱ्यावर तरतरी. तिचा हात कुणाच्या तरी हातात होता. पडद्यामुळे मनगटापुढचं काही दिसत नव्हतं. पडद्याखाली स्टुलाचे पाय आणि त्यापुढे दोन पावलं, चपलेतली. थोरलीने खाली स्वतःच्या पायांकडे बघितलं. त्याच चपला.

आई काहीतरी सांगत होती आणि हसत होती. मग तिने तो हात उचलून स्वतःच्या गालाला लावला. आईने थोरलीचा हात असा कधी गालाला लावला होता का, तिला आठवेना.

दार ढकलून ती आत शिरली, खाटा ओलांडून पडद्यापाशी पोचली. स्टूल रिकामं होतं.

“काय गं, विसरलीस का काही?” आई म्हणाली. “आत्ताच तर निघाली होतीस.”

७

सोमवारी आईला घरी सोडलं. थोरलीला रजा मिळाली नाही, मोठे सर म्हणाले, “आमच्या वेळी आम्ही...” आणि पुढचं तिने ऐकलंच नाही. शेजारीण आईला घेऊन गेली.

दिवसभर थोरलीने मनाशी वाक्यं जुळवली. ती सगळं सांगणार होती. अठरा मी लिहिले. डोळ्यांदेखत, जाणूनबुजून, जळफळाटाने लिहिले. तू मरता मरता वाचलीस ती माझ्यामुळे, आणि वाचवलं ते मी नाही. आईने झिडकारलं तरी चालेल. कौतुक त्या दुसरीने नेलं तर नेऊ दे. पण ही चूक तर तिची होती, अगदी तिची एकटीची. ती कबूल करायला तरी आईसमोर तीच उभी राहील.

चार वाजता ती घरी पोचली. ऊन अजून ओट्यावर होतं. दार उघडंच होतं. आई बैठकीत कॉटवर बसून फोनवर बोलत होती, धाकटीशीच असणार.

“...नाही गं, तू नको येऊस इतक्या लांबून. माझी थोरली आहे ना इथे. तीन दिवस हलली नाही माझ्याजवळून. हो, ठेवते, कोणीतरी आलंय.”

माझी थोरली. जे वाक्य ऐकायला ती आयुष्यभर कान टवकारून बसली होती, ते आई तिच्यासमोर बोलली होती. थोरली उंबऱ्यावरच थांबली.

“आई, मला तुला काही सांगायचंय. तो रिपोर्ट...”

“रिपोर्टाचं काय?” आईने चष्मा वर करून तिच्याकडे बघितलं. तिरस्काराने नाही, रागाने नाही. पत्ता विचारायला दारात आलेल्या माणसाकडे बघतात तसं, सौजन्याने. “रिपोर्टाचं सगळं कळलंय मला. लेकीने स्वतःच्या तोंडाने सांगितलं. पायावर डोकं ठेवून रडली हो माझ्या. अठराचा आकडा, जळफळाट, सगळं सगळं बोलली. मी म्हटलं, चुकतं माणूस. मोठं मन लागतं असं कबूल करायला.”

“आई, ती मी नव्हे. म्हणजे ते मी केलं. मीच केलं! सांगितलं ते मी नाही.”

“अहो, उन्हात नका उभ्या राहू. आत या, पाणी घ्या.” आई गुडघ्यावर हात टेकून उठायला लागली, मग बेत बदलून आतल्या खोलीकडे वळून तिने हाक मारली. ती खोली थोरलीची होती. “अगं, जरा बाहेर ये बघू. तुझ्या लॅबमधून कोणीतरी आलंय.”

आत स्टूल सरकल्याचा आवाज झाला. मग चपलांचा.

“आले गं आई,” आतून उत्तर आलं. आवाज थोरलीचाच होता, फक्त त्यात कुठेही धार नव्हती. दाराचा पडदा चार बोटांनी बाजूला झाला.